होयबांचा कागद

“नो,” कालिंदा पौळ म्हणाली. “आय नॉट अ‍ॅग्री. व्हाय सॉरी?”

माझ्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. शेजारी बसलेले मोहिते सर, म्हणजे बाहेरून आलेले एक्स्टर्नल, चष्म्यावरून तिच्याकडे बघायला लागले. टेबलाभोवतीच्या बाकी तिघांचे चेहरे तर असे झाले की विचारू नका. कारण त्या जागी कालिंदाने काय बोलायचं ते आधीच ठरलेलं होतं. ‘आय अ‍ॅग्री विथ माय कलीग’ एवढं म्हणायचं, मान हलवायची आणि पुढचं सगळं ओजस तापडियावर सोडायचं. ते वाक्य मीच तिला लिहून दिलं होतं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आमच्या विद्यापीठाचं एक उपकेंद्र होतं, गावाबाहेर माळावर. तिथे एम.कॉम.च्या मुलांना मी बिझनेस इंग्लिश शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर, आणि ती निघायची विभागप्रमुख लोमटे सरांच्या मर्जीने. लेखी पेपर झाला की गटाने तोंडी परीक्षा व्हायची. चार मुलं एका टेबलाला, धंद्यातला एक प्रसंग लिहिलेली चिठ्ठी, पाच मिनिटं विचार करायला आणि पंधरा मिनिटं इंग्रजीतून बैठक. चाळीसपैकी सोळा मिळाले की पास. उच्चार, ओघ, व्याकरण आणि संवाद असे चार रकाने. मी इंटर्नल, शेजारी एक्स्टर्नल, मधे एक छोटा रेकॉर्डर. रेकॉर्डिंग जपून ठेवायचा नियम होता, ते कधी कोणी ऐकल्याचं मात्र मी पाहिलं नव्हतं.

आणखी एक रीत होती, ती नियमांच्या पुस्तिकेत नव्हती. सकाळी मार्क पेन्सिलीने मांडायचे. मग लोमटे सरांच्या केबिनमध्ये एक्स्टर्नलना जेवायला घालायचं. जेवण झालं की गोडीगुलाबीने मार्क जुळवायचे, शाईने गिरवायचे, दोघांनी सह्या ठोकायच्या. चार वर्षांत माझ्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागला होता, आणि लोमटे सर ते येईल त्याला सांगायचे.

हा शंभर टक्के कुठून यायचा, तेही सांगते. वर्गात पाच-सात मुलं इंग्रजी शाळेतून आलेली असायची, ती फाडफाड बोलायची. बाकीची अडखळत का होईना, निभावून न्यायची. दहा-बारा मुलं अशी, की वर्षभर तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग मी एक युक्ती काढली. प्रत्येक गटात बोलणारी तीन मुलं घालायची आणि न बोलणारं एक. त्या एकाच्या हातात चार वाक्यांचा कागद. ‘मला पटतं’, ‘चांगला मुद्दा आहे’, ‘तुमचं बरोबर आहे, सर’ आणि ‘सूचनेबद्दल आभार’, एवढंच, इंग्रजीत. खाली मी मराठीत लिहायचे, ‘एवढंच बोल. घाबरू नकोस.’ मुलं त्याला होयबांचा कागद म्हणायची. मला ते कळलं तेव्हा मीसुद्धा हसले होते. त्या वर्षी असे अकरा कागद मी वाटले होते.

आता त्या खोलीत काय झालं ते ऐका. चिठ्ठी निघाली होती ती अशी: तुम्ही पाठवलेल्या तूरडाळीच्या मालाबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार आहे, बैठक घेऊन मार्ग काढा. ओजस आणि कालिंदा विकणारे, तौफिक बागवान आणि प्रणिता घेणारे. प्रणिताने सुरेख इंग्रजीत तक्रार मांडली, माल ओला निघाला म्हणून. ओजसने त्याहून सुरेख इंग्रजीत माफी मागितली आणि सगळा माल बदलून देतो म्हणाला. पुढे कालिंदाचं ‘आय अ‍ॅग्री’ झालं की संपलं.

ते झालं नाही. कालिंदा खुर्चीत पुढे सरकली. लांब वेणी, साधा पंजाबी ड्रेस, वर्षभर शेवटच्या बाकावर बसलेली मुलगी. तिने सरळ तौफिकला धरलं.

“लॉरी रीच विच डे?”

तौफिक गडबडला. असला प्रश्न त्याच्या तयारीत कुठे होता? पण तो फळांच्या अडतीतला मुलगा, त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

“संडे,” तो म्हणाला. “अनलोडिंग मंडे.”

“संडे नाइट लॉरी व्हेअर? शेड?”

“नो शेड. ओपन.”

“ताडपत्री?”

“ताडपत्री रिमूव्ह्ड. फॉर चेकिंग.”

“हू रिमूव्ह? माय ड्रायव्हर ऑर युवर मॅन?”

तौफिकने डोकं खाजवलं आणि कबूल केलं, “अवर मॅन.”

“देन वॉटर इज युवर वॉटर,” कालिंदा म्हणाली. “माय सॅम्पल सील्ड. युवर साइन ऑन इट. ओपन पॅकेट, चेक. इफ सॅम्पल वेट, आय टेक बॅक ऑल. इफ ड्राय, नो सॉरी.”

व्याकरण पार झोपलेलं, पण बाई, काय बोलत होती! मी चार वर्षांत अशा चाळीस-पन्नास बैठका ऐकल्या होत्या, आणि पुढे काय होणार याची उत्सुकता मला पहिल्यांदाच वाटली. तौफिक हट्टाला पेटला, नमुना महिनाभर जुना आहे म्हणाला. ती म्हणाली, मग माझा माणूस पाठवते, त्याच्यासमोर दहा पोती फोडा. ओजस दोनदा मधे घुसायला गेला, दोन्ही वेळा त्याला काय बोलावं ते सुचेना. त्याच्या पाठांतरात हे कुठेच नव्हतं बिचाऱ्याच्या.

“बी पोलाइट, प्लीज,” मोहिते सर मधेच म्हणाले. परीक्षकाने मधे बोलायचं नसतं, पण ते बोलले.

कालिंदाने त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. “सर, वन मिनिट. पार्टी इज गोइंग.”

पार्टी हातची चाललीय, थांबा जरा! तौफिक फिस्सकन हसला, प्रणिताने ओढणी तोंडाला लावली. मोहिते सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

शेवटी तौफिक आणि कालिंदाने मार्ग काढला. वरच्या थरातली भिजलेली पोती तौफिकने स्वतः वाळवून घ्यायची, खालची कालिंदाच्या माणसाने तपासायची. दोघांनी खरोखर हात मिळवले. घंटा झाली आणि चौघंही बाहेर गेली.

मोहिते सरांनी पेन्सिलीने कालिंदाच्या नावापुढे नऊ लिहिले. ओजसला चौतीस. माझ्या कागदावर कालिंदाला बावीस होते.

“आपण जेवणानंतर बोलू,” ते म्हणाले आणि उठले.

मी तडक कॉरिडॉरमध्ये गेले. कालिंदा पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होती. मला बघून तिने ओढणीला हात पुसले.

“चुकलं का मॅडम? मला राहावलंच नाही. तो ओजस्या सगळा माल परत घेतो म्हणाला. असं कुणी घेतं का?”

“तू हे शिकलीस कुठे?”

“डाळमिलमध्ये. सकाळी सहा ते दहा मी फोनवर असते ना. मद्रासकडच्या पार्ट्या, त्यांना हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. मग इंग्लिशच. दोन वर्षं झाली.”

“आणि वर्षभर माझ्या तासाला तू तोंड उघडलं नाहीस?”

ती म्हणाली, “तुम्ही विचारलंच नाही, मॅडम. पहिल्या आठवड्यात उभं करून विचारलं, माय हॉबीवर पाच वाक्यं बोल. मला हॉबी नाही. मी गप्प बसले. मग तुम्ही कागद दिला.”

तिनेच विषय बदलला.

“पास होईन ना? जूनच्या पंधरा तारखेला हजर व्हायचंय. नवी मुंबईला, डाळी बाहेरदेशी पाठवणारी कंपनी आहे. त्यांनी फोनवरच मुलाखत घेतली, इंग्लिशमध्ये. पण पत्रात लिहिलंय, सगळे पेपर सुटले पाहिजेत. ऑक्टोबरला परत बसले तर ते थांबणार नाहीत. घरी अण्णांनी पत्र देवासमोर ठेवलंय.”

“होशील,” मी म्हणाले, आणि म्हणताना मला माझाच राग आला. मोहिते सरांचा नंतर, आधी माझाच.

केबिनमध्ये जेवण आटोपलं होतं. लोमटे सर एक्स्टर्नलना आग्रहाने बडीशेप देत होते. मी मार्कांचा तक्ता टेबलावर ठेवला आणि उभीच राहिले.

“उफाडे मॅडम, बसा की,” लोमटे सर म्हणाले. “एकाच नावाचं जुळत नाही म्हणे. हे काय, पाच मिनिटांचं काम. सरांचं शाईने गिरवून टाका.”

“नऊवर मी सही करणार नाही.”

“अहो, ऑक्टोबरला बसेल पुन्हा. काय बिघडतं?”

“नोकरी बिघडते तिची. आणि नापास व्हावं असं तिने केलंय काय?”

मोहिते सरांनी हात पुसले. शांतपणे बोलायची त्यांची पद्धत होती. “मॅडम, एक वाक्य शुद्ध नाही. क्रियापदं नाहीत. परीक्षकाला ‘वन मिनिट’ म्हणते. ही विद्यापीठाची परीक्षा आहे, मोंढ्याचा बाजार नव्हे.”

“विषयाचं नाव काय आहे सर? बिझनेस इंग्लिश. मग बिझनेस कोणी केला त्या खोलीत? ओजस चार मिनिटं बोलला, त्यातल्या एका वाक्याला तरी कोणी उत्तर दिलं का? या मुलीने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला समोरून उत्तर आलं. व्याकरणाचे कापा की मार्क, मीही कापलेत. संवादाचे कशाला कापता?”

“आवाज खाली, मॅडम,” लोमटे सर म्हणाले.

“रेकॉर्डर आहे ना. लावा तो, तिघं मिळून ऐकू.”

मोहिते सर हसले. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. होयबांचा कागद. कालिंदा टेबलावर विसरून गेली होती.

“अक्षर तुमचंच ना?” त्यांनी विचारलं. “परीक्षेच्या खोलीत लिहिलेला कागद आणणं म्हणजे कॉपी. मी कॉपी केस केली तर ही मुलगी ऑक्टोबरलाही बसू शकणार नाही, वर्षभर बाहेर. त्यापेक्षा नऊ बरे. सही करा, हा कागद मी फाडून टाकतो. तुमच्यापर्यंतही काही येणार नाही.”

लोमटे सरांनी सुटकेचा श्वास टाकला. “बघा, किती समजूतदार आहेत सर. करा सही.”

खरं सांगते, जूनची ऑर्डर डोळ्यांसमोर आली. नवरा तेव्हा घरी बसून होता, मुलगी दुसरीत. पेन माझ्या हातात होतं. कोणालाही काही कळलं नसतं. मी कागदाकडे बघितलं. ‘एवढंच बोल. घाबरू नकोस.’ माझंच वळणदार अक्षर. मद्रासच्या व्यापाऱ्यांशी रोज सकाळी भांडणाऱ्या मुलीला मी लिहून दिलं होतं, एवढंच बोल.

“अक्षर माझंच आहे,” मी म्हणाले. “पण सर, कॉपी कोण करतं? कागदावरचं बोलतो तो. कालिंदाने यातलं एक अक्षर तरी उच्चारलं का?”

“आणला तर होता.”

“आणला. मी दिला म्हणून आणला. मी असे अकरा दिले. आज सकाळी परीक्षेच्या खोलीत बाकीच्या दहांनी हीच चार वाक्यं तुमच्यासमोर म्हटली. तुम्ही त्यांना अठरा दिले, एकोणीस दिले, एका मुलाला वीस. दहा वेळा तेच ऐकून तुमच्या काही लक्षात आलं नाही. आणि जिने कागद बाजूला ठेवला, तिच्यावर कॉपी केस? करा, खुशाल करा. मग अकराही जणांवर करा. आणि त्या दहांना पास कोणी केलं, तेही लिहा.”

मोहिते सरांचा हात बडीशेपेच्या डबीवरच राहिला. लोमटे सर खुर्चीतून अर्धे उठले.

“अहो बाई, काय बोलताय! अकरा मुलं? शंभर टक्क्यांचा निकाल आपला!”

“तो शंभर टक्के असाच लागतो, सर. आता तरी कळू द्या.”

मग मी खुर्ची ओढली आणि बसले. नियमांची पुस्तिका काढली. दोन परीक्षकांचं जुळलं नाही तर दोघांनी आपापले मार्क शाईने लिहायचे, कारण लिहायचं आणि रेकॉर्डिंगसकट तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवायचं, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. चार वर्षांत ते पान कोणी उघडलंच नव्हतं. मी कालिंदाच्या नावापुढे शाईने बावीस लिहिले. कारण लिहिलं. खाली आणखी लिहिलं, की सोबतचा कागद मी स्वतः विद्यार्थ्यांना दिलेला आहे, तो खोलीत चालत नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांचा यात दोष नाही आणि जी काही कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी. सही केली. होयबांचा कागद वर टाचला.

“हे तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय,” लोमटे सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती, हे मी नाकारत नाही.

“पाय माझाच आहे, सर.”

मोहिते सरांनी त्यांचे नऊ शाईने लिहिले. माणूस हट्टी होता, पण पळपुटा नव्हता. पाकीट माझ्यासमोर लाखेने बंद झालं.

पुढचे तीन आठवडे मी काय काढले ते माझं मला माहीत. कालिंदा एक दिवसाआड यायची. काही विचारायची नाही, जिन्याच्या पायरीवर बसायची, मी मान हलवली की जायची. शेवटी मे महिन्याच्या अखेरीस मुख्य केंद्रातून यादी आली. तिसऱ्या परीक्षकाने रेकॉर्डिंग ऐकून एकवीस दिले होते, आणि शेऱ्यात एकच ओळ लिहिली होती, या विद्यार्थिनीला खरेदी-विक्रीचं बोलणं येतं. मोहिते सरांनी मधे बोलायला नको होतं, असंही खाली होतं. बाकी दहांना कोणी हात लावला नाही. दहा जणांची चौकशी म्हणजे दहा जणांना पास करणाऱ्यांचीही चौकशी, ती कोण करतंय?

कालिंदाने यादीवर बोट ठेवून आपलं नाव तीनदा वाचलं. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून उभं केलं आणि म्हणाले, “माझ्या नको पडूस. मी तुला गप्प बसवत होते.”

“ते तर होतंच,” ती म्हणाली. अगदी सरळ म्हणाली, आणि डोळे पुसत हसली. पंधरा जूनला ती कामावर हजर झाली.

माझी ऑर्डर निघाली नाही. जुलैमध्ये लोमटे सरांनी घरी निरोप पाठवला, येऊन भेटा. गेले. ते जरा अवघडून बसले होते.

“वरपर्यंत बोलणं झालंय माझं,” ते म्हणाले. “प्रकरण मिटतंय. फक्त एक माफीपत्र हवं. केल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, विद्यापीठाची बदनामी झाली वगैरे, दोन ओळी. पुढच्या सत्राला ऑर्डर काढतो. मी शब्द देतो.”

“माफीपत्र मी लिहिलंय, सर,” मी पर्समधून कागद काढला. “मागच्याच आठवड्यात लिहिलं.”

त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा! मला वाटलं होतं, तुम्ही अडून बसाल.” त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

पत्र मराठीत होतं. त्यात लिहिलं होतं, की तुम्हाला काय येतं हे वर्षभरात मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही गप्प आहात म्हणजे तुमच्याकडे बोलण्यासारखं काही नाही असं मी धरून चालले, आणि दुसऱ्याच्या हो ला हो म्हणायला शिकवून तुम्हाला पास केलं. शिकवणारी म्हणून ही माझी मोठी चूक झाली, तिची मी माफी मागते. खाली माझी सही होती.

लोमटे सरांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“अहो, यात विद्यापीठाचं नावच नाही. हे लिहिलंय कुणाला?”

“त्या अकरा जणांना. ही प्रत आहे. अकरा पत्रं पोस्टात टाकली, प्रत्येकाच्या घरच्या पत्त्यावर.”

“आणि आमचं पत्र?”

“ज्यांची मागायची होती, त्यांची मागून झाली, सर,” मी उठत म्हणाले. “तुमच्यासाठी काही उरली नाही.”